पासिंगच्या आधीचे पंधरा दिवस

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर एकामागून एक पासिंगचीच, म्हणजे आरटीओच्या गाडी-तपासणीची पत्रं निघाली. त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्या गाडीत रोज शाळेची मुलं बसतात.

प्रश्न : काका, नमस्कार. माझे यजमान बडोद्याच्या मांजलपूर भागात शाळेची वर्धी करतात, म्हणजे मुलांची ने-आण. गाडी ईको आहे, २०१५ ची. दोन वर्षांपासून दर वर्षी पासिंग करावं लागतं. या वेळचं फिटनेस २० नोव्हेंबरला संपतंय. मागचे दोन्ही टायर झिजून गोटा झालेत, आणि हॅन्डब्रेक पार वरपर्यंत ओढल्याशिवाय धरत नाही. ओळखीचा एजंट म्हणतो, ‘एका दिवसापुरते टायर मी भाड्याने देतो, पासिंग झालं की काढून घेऊ, बाकीचं माझ्यावर सोडा.’ यजमानांना ते सोयीचं वाटतंय. माझी मुलगीही त्याच गाडीतून शाळेत जाते, म्हणून माझं मन घेत नाही. हाताशी पैसे बेताचेच आहेत, सगळं एकदम जमणार नाही. आधी काय करावं?
(एक ताई, मांजलपूर)

उत्तर : ताई, तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. भाड्याचे टायर लावू नका. हे मी ऐकीव सांगत नाही. ते टायर मी या हातांनी चढवलेले आहेत.

१९८४ साली मी गॅरेजात कामाला लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला पाच टायर रिमसकट टांगलेले असायचे. प्रत्येक रिमवर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक ठिपका. तो ‘पासिंगचा सेट’. सकाळी टॅक्सी यायची, तिचे गोटा झालेले टायर उतरवायचे, ठिपक्याचे चढवायचे. दुपारी गाडी पास होऊन आली की पुन्हा उलटं. कधी कधी तोच सेट दिवसात दोन-तीन गाड्यांना फिरायचा. एकदा संध्याकाळी शेवटच्या गाडीची घाई होती. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे नट मी हाताने फिरवून बसवले आणि पान्याने आवळायचे राहून गेले. डभोई रोडवर ते चाक निघालं. गाडी कडेच्या चारीत उतरली. प्रवासी नव्हते, पण चालकाचा हात कोपरात मोडला. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘नट तूच लावले होतेस ना?’ मी हो म्हणालो. पुढे ते बरे झाले, टॅक्सीही चालवू लागले, पण तो हात पूर्ण सरळ कधी झाला नाही. त्यानंतर मी ठिपक्याच्या टायरला हात लावला नाही, आणि १९९६ साली प्रतापनगरला स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा तसला सेट ठेवला नाही.

आता तुमच्या गाडीकडे येतो. आठ वर्षांपर्यंत धंद्याच्या गाडीला दोन-दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, आठ वर्षांनंतर दर वर्षी. म्हणजे तुमच्या गाडीला हे काम आता कायमचं मागे लागलेलं आहे. वर्षाला एकदा टायर भाड्याने आणून ते टळत नाही.

पैसे बेताचे आहेत म्हणता, तर पहिला रुपया ब्रेकवर घाला. तुमच्या पत्रात सगळ्यात काळजीचं वाक्य टायरचं नाही, हॅन्डब्रेकचं आहे. हॅन्डब्रेक शेवटच्या दातापर्यंत, म्हणजे पार वरपर्यंत यायला लागला की बरेच मेकॅनिक केबल ताणून देतात. दात कमी होतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण ईकोचा हॅन्डब्रेक मागच्या ड्रममधल्या त्याच शूंना ओढतो जे तुमचा पायाचा ब्रेक दाबतो. शू झिजले असतील किंवा ओले झाले असतील तर केबल ताणून काहीही साधत नाही. उलट शू ड्रमला घासत राहतात आणि ड्रम तापतो.

म्हणून यजमानांना सांगा, मागचे दोन्ही ड्रम डोळ्यांसमोर उघडून घ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू देऊ नका, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड लावायला सांगा. ड्रम निघाला की आधी फडकं मारू देऊ नका, हाही माझा आग्रह आहे. मेकॅनिकची सवय असते, ड्रम काढला की हवा मारली, पुसलं, मोकळं. पुसण्याआधी बघा. कोरडी करडी पूड असेल तर ती लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीची, नेहमीची झीज. पण पूड भिजून काळ्या पेस्टसारखी चिकटलेली असेल तर कुठून तरी गळती आहे, आणि ती दोन ठिकाणांहून असू शकते. वरच्या बाजूला व्हील सिलिंडर असतं, त्याच्या टोकाला रबराची टोपी असते. ती टोपी नखाने जराशी उचला. आत ओलं दिसलं, बोटाला पातळ लागलं, तर ब्रेक ऑइल. याउलट ओल मधून, अॅक्सलच्या बाजूने आली असेल, बोटाला घट्ट आणि चिकट लागत असेल आणि कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येत असेल, तर ते गिअर ऑइल. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अॅक्सलचं ऑइल सील गेलं की असं होतं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. व्हील सिलिंडर गळत असताना नुसते लायनर बदलले, तर नवे लायनरही काही दिवसांत भिजतील. सील गेलेलं असताना सिलिंडर बदललं, तरी तेच.

तेलाने भिजलेले लायनर सॅन्डपेपर मारून परत लावायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. लायनर तेल शोषून घेतो. वरचा थर घासला तरी तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं. आणि बदलायचे ते दोन्ही बाजूंचे बदला. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. मशिनवर पासिंग करणाऱ्या ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनवर हे लपत नाही. तिथे चाकं रोलरवर चढवतात आणि डाव्या-उजव्या चाकाची ब्रेकची ताकद वेगवेगळी मोजतात. पूर्वी मोकळ्या जागेत गाडी पळवून ब्रेक मारून दाखवायचा, त्यात दोन बाजूंमधला थोडा फरक नजरेला दिसायचा नाही. रोलरवर तो आकड्यात दिसतो. मला ही मशिनं आवडतात.

नवे लायनर बसवल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी पासिंगला जाऊ नका. नवा लायनर आणि जुना ड्रम यांची सगळी पाठ एकमेकांना लागायला थोडं चालावं लागतं. तोवर ब्रेक धरतो, पण पूर्ण नाही. आठ-दहा दिवस गाडी नेहमीसारखी चालू द्या, मग एकदा शू अॅडजस्ट करून घ्या. पासिंगची तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा असं मी सगळ्यांना सांगतो, त्याचं खरं कारण हे आहे. तुमचं तर सोयीचं आहे. दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी येतेय, वर्धी बंद. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात ड्रम उघडा, उरलेल्या दिवसांत गाडी घरच्या कामांना फिरवा.

दुसरा खर्च टायरचा. नियमात चारचाकीच्या टायरची नक्षी कमीत कमी १.६ मिलिमीटर खोल हवी. मोजपट्टी नको. टायरच्या खोबणीत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. दोन नवे घ्या, एकाच मापाचे, आणि ते मागे लावा. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर घेऊ नका, शाळेच्या गाडीला तर नकोच. आणि टायरवाल्याकडे आवळलेले नट घरी येऊन स्वतः पान्याने एकदा तपासा, ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. माझ्या सांगण्यामागचं कारण तुम्ही वर वाचलंच आहे.

स्टिअरिंगला गाडी उभी असताना हलवून बघा. चाक हलण्याआधी स्टिअरिंग बरंच मोकळं फिरत असेल तर टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हे सांधे तपासायला सांगा. जॉइंट बदलले तर अलाइनमेंट त्यानंतरच करा, आधी केलेलं वाया जातं.

दिव्यांचं काम मुलीला द्या. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, यजमान आत बसून एकेक बटण दाबतील आणि ती बाहेरून सांगेल. डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेकलाइट, रिव्हर्स, नंबर प्लेटवरचा बारका दिवा. तो शेवटचा बल्ब सगळे विसरतात. शिवाय वायपर, हॉर्न, प्रत्येक सीटचा बेल्ट, प्रथमोपचार पेटी, अग्निशामकाची तारीख, आणि रिफ्लेक्टर पट्टी, पुढे पांढरी आणि मागे लाल. विमा, पीयूसी, परमिट आणि टॅक्स यांच्या तारखा आजच बघून ठेवा.

एजंटाकडून फॉर्म भरून घ्यायचा असेल तर घ्या, त्यात वाईट काही नाही. टायर मात्र तुमचे हवेत. आणि एक माहिती असू द्या. ऑटोमेटेड स्टेशनला दुरुस्ती करण्याची किंवा पार्ट विकण्याची परवानगी नाही, ते फक्त तपासतात. ‘आमच्याकडूनच करून घ्या, नाहीतर नापास’ असं तिथे कोणी म्हणालं तर ऐकू नका. नापासाचा कागद मागा. त्यात कोणत्या तपासणीत गाडी कमी पडली ते लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन आपल्या मेकॅनिककडे जा.

सगळं झाल्यावर रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना लालबागच्या पुलाच्या चढावर गाडी बाजूला घेऊन थांबवा. पाय ब्रेकवर तयार ठेवून नुसत्या हॅन्डब्रेकवर सोडा. अर्ध्या दातांत धरून गाडी जागची हलली नाही, तर काम नीट झालंय.

प्रश्न : नमस्कार. मी विद्यापीठातून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझी पेट्रोल वॅगन-आर डिसेंबर २०१० ची, फक्त ४१ हजार किलोमीटर चाललेली. या डिसेंबरला १५ वर्षं पूर्ण होतात. शेजारी म्हणतात, आता भंगारातच द्यावी लागेल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या समा भागातल्या सोसायटीत पाणी भरलं होतं, गाडीत सीटच्या गादीपर्यंत आलं होतं. नंतर धुऊन वाळवली, चालते उत्तम. पासिंग होईल का?
(समा)

उत्तर : सर, भंगारात देऊ नका. १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हे दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाबद्दल निघालेलं होतं. बातम्यांमधून ते सगळीकडे पसरलं आणि लोकांना वाटलं आपल्यालाही लागू. बडोद्यात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. फॉर्म २५ भरायचा, तो मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत भरता येतो. म्हणजे तुम्हाला ऑक्टोबरपासून करता येईल. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० रुपये झाली आहे आणि उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वाढतात. तेव्हा वाट बघू नका. दर्जीपुऱ्याला आरटीओत जाण्याआधी पोर्टलवर तारीख घ्या.

तुमच्या गाडीत मला किलोमीटरची चिंता नाही, पुराची आहे. धुतली आणि वाळवली म्हणता, पण गालिचा काढला होता का? त्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी ज्यांचे गालिचे उचलले नव्हते त्या सगळ्यांच्या तळाशी वर्षभराने गंज होता. गालिच्याखाली जाड फेल्ट असतं, ते पाणी धरून ठेवतं. वरून हात लावला तर कोरडं, खालून ओलं. नदीच्या पुराचं पाणी गाळाचं होतं, तो गाळ पत्र्याच्या घड्यांत जाऊन बसला.

सर, हे तुम्ही स्वतः करू शकाल. ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा दाराच्या कडेने सोडवा आणि पायाखालचा भाग वर करा. जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने पत्र्यावर हलकेच ठोका, एक-एक वीत अंतरावर. चांगला पत्रा टणटण वाजतो. गंजलेला पत्रा बद वाजतो, पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. जिथे बद वाजला तिथे टोक टेकवून दाबा. रंगाचा पापुद्रा निघून खाली लालसर पूड आली पण टोक अडलं, तर घासून, गंजरोधक लावून, रंगवून भागेल. टोक आत गेलं तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. वरून डांबर फासून द्यायला सांगणारे भेटतील. त्याने भोक झाकलं जातं आणि आतून गंज वाढत राहतो. सीटबेल्टचे बोल्ट जिथे तळाला आणि खांबाला बसतात त्या जागा सगळ्यात आधी तपासा. तिथला पत्रा कुजला असेल तर बेल्ट अंगावर घट्ट असूनही अपघातात मुळापासून उपटून येईल.

तिथूनच खाली वाकून ब्रेकच्या लोखंडी नळ्या बघून घ्या. गाडीच्या तळाशी त्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांमध्ये बसवलेल्या असतात आणि गंज नेमका चिमट्याच्या खाली धरतो. नळीला खरखरीत फोड आले असतील तर ती बदला. पासिंगच्या वेळी ब्रेक जोरात दाबला जातो, तेव्हाच अशा नळ्या फुटतात. एक वेळ तिथे फुटली तर बरी, हायवेवर नको. ब्रेक ऑइलही पूर्ण बदला. ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच असतं. कमी चाललेल्या गाड्यांचे मालक ते किलोमीटरवर मोजतात आणि दहा-दहा वर्षं तेच ऑइल राहतं.

टायरचंही तसंच. ४१ हजार किलोमीटर म्हणजे नक्षी शिल्लक असेल, पण टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात, ते वाचा. ३५१४ असेल तर तो २०१४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. कडेला बारीक चिरा दिसल्या तर नक्षी कितीही असो, बदला. कमी वापराच्या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, वाळून जातात.

पीयूसीबद्दल एक गोष्ट तपासा. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ हे गाडीच्या धुराचं मानक देशातल्या १३ शहरांतच लागू झालं. त्यात अहमदाबाद आणि सुरत होतं, बडोदं नव्हतं. सगळ्या देशात ते २०१७ मध्ये आलं. त्यामुळे डिसेंबर २०१० ची बडोद्याची गाडी बीएस-३ असू शकते आणि बीएस-४ सुद्धा. आरसी बघा. बीएस-३ असेल तर पीयूसी सहा महिन्यांचं मिळतं, आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यापर्यंत चालतो. बीएस-४ असेल तर पीयूसी वर्षाचं, पण मर्यादा ०.३ टक्के. तुमची गाडी बहुधा घर ते भाजीबाजार एवढीच फिरते, तेव्हा इंजिन कधी पूर्ण तापतच नसेल. पीयूसीला जाण्याआधी अर्धा तास हायवेला फिरवून तापवून न्या, आणि एअर फिल्टर व प्लग त्याआधी बघून घ्या.

शेवटी चेसिस नंबर. तपासणीत तो आरसीशी जुळवतात. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यावर मळ बसलेला असेल तर डिझेलमध्ये बुडवलेल्या मऊ कापडाने सावकाश पुसा. तारेचा ब्रश, ग्राइंडर, सॅन्डपेपर काहीही लावू देऊ नका. एखादा आकडा खरवडला गेला तर नंबर बदलल्याचा संशय येतो, आणि मग पासिंग बाजूला राहून तेच निस्तरत बसावं लागतं.

एवढं करा. पाच वर्षं नक्की मिळतील अशी ही गाडी आहे. पंधरा वर्षांत ४१ हजार किलोमीटर चाललेलं पेट्रोल इंजिन भंगारात गेलेलं मला बघवणार नाही.

प्रश्न : काका, माझ्या गाडीला सीएनजी आहे, कंपनीचंच बसवलेलं. सिलिंडरच्या टेस्टची तारीख जूनमध्ये संपली. आता पंपावर गॅस भरून देत नाहीत. पासिंग जवळ आलंय. सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करून पेट्रोलवर पास करून घेता येईल का?
(वाघोडिया रोड)

उत्तर : नाही. आरसीवर तुमचं इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं नोंदलेलं आहे, त्यामुळे गॅसची तपासणीही होणार. आणि व्हॉल्व्ह बंद केला म्हणून सिलिंडर जुना व्हायचा थांबत नाही. त्यात २०० बारच्या दाबाने गॅस भरतात. टायरमधल्या हवेचा दाब साधारण २ बार असतो, त्यावरून कल्पना करा. असा सिलिंडर तुमच्या मागच्या सीटच्या पाठीला लागून आहे.

दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, मग किट कंपनीचं असो की बाहेरून बसवलेलं. टेस्टमध्ये सिलिंडर गाडीतून काढतात, रिकामा करतात, पाणी भरून नेहमीच्या दाबापेक्षा बऱ्याच जास्त दाबाने ताणतात आणि तो फुगून पुन्हा मूळ आकाराला येतो का ते मोजतात. हवेऐवजी पाणी वापरतात, कारण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडर फुटलाच तर पाणी सांडतं, स्फोट होत नाही. ही टेस्ट पेसोची मान्यता असलेल्या केंद्रातच करा. पेसो म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणारं केंद्र सरकारचं खातं, त्याचं मुख्य कार्यालय आपल्या नागपूरला आहे. केंद्रात मान्यतेचा कागद दाखवायला सांगा, विचारायला संकोच करू नका. टेस्ट न करता नुसती तारखेची प्लेट बदलून देणारे असतात. खरी टेस्ट झाली असेल तर सिलिंडरच्या गळ्यापाशी नवी तारीख धातूत ठोकलेली दिसते. घरी आणल्यावर टॉर्च घेऊन ती वाचा आणि प्लेटवरच्या तारखेशी जुळवा.

सिलिंडर परत बसवताना त्याच्या पट्ट्यांचे बोल्ट आणि पट्ट्यांखालची रबरं नवी घ्या. मग साबणाचा फेस करून व्हॉल्व्हवर आणि नळीच्या प्रत्येक जोडावर ब्रशने लावा आणि पाच मिनिटं बघत राहा. मोठी गळती लगेच फुगा काढते, बारीक गळती सावकाश, मोहरीएवढा एक बुडबुडा येतो आणि तिथेच थांबतो. त्या मोहरीकडे दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : काचांना काळी फिल्म आहे. बडोद्याचा उन्हाळा बघता ती काढायची की पासिंगला चालेल?
(कारेलीबाग)

उत्तर : काढा. पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, आणि काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. उन्हासाठी गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून पडदा लावा. फिल्म उन्हात तापवून एका कोपऱ्यातून सावकाश ओढा. मागच्या काचेवर डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, बारीक तारा असतात, तिथे ब्लेड चालवलं तर त्या तुटतील.

प्रश्न : माझी डिझेल गाडी २०१८ ची, बीएस-४. पीयूसीला दोनदा धुरात नापास झाली. पेट्रोलपंपावर एक बाटली मिळते, ती टाकीत ओतली की पास होते म्हणतात. ओतू का? कामानिमित्त आठवड्यातून दोनच दिवस गावात चालवतो.
(दांडिया बाजार)

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. डिझेल इंजिन गावात, कमी वेगात, थोडं थोडं चालवलं की सायलेन्सरमध्ये काजळी साठत जाते. पीयूसीवाला पूर्ण अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा ती साठलेली काजळी एकदम बाहेर येते आणि मशिनवर आकडा चढतो. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आहे, बीएस-३ ला ती २.४५ आहे. म्हणून शेजाऱ्याची जुनी गाडी पास झाली आणि आपली नवी नापास, असं होऊ शकतं.

बाटली नको. आधी एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. कागदातून उजेड दिसत नसेल तर नवा टाका. ऑइल वेळेवर बदललंय का बघा. मग सकाळी लवकर हालोल रोडला गाडी घेऊन जा आणि वेगमर्यादेत, एक गिअर खाली ठेवून, २५-३० किलोमीटर सलग चालवा. सुरुवातीला मागे काळा धूर दिसेल, पुढे कमी होत जाईल. परत येताना इंजिन थंड होऊ न देता थेट पीयूसी केंद्रावर जा. अशा बऱ्याच गाड्या एवढ्यावरच पास झालेल्या मी पाहिल्या आहेत.

त्यानंतरही धूर राहिला तर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, चोंदला आहे की इंजेक्टर थेंब टाकतोय, हे उघडून बघावं लागेल. ते घरी होणार नाही. गाडी घेऊन या, सकाळी दहाच्या आत आलात तर त्याच दिवशी बघून सांगेन. गुरुवारी गॅरेज बंद असतं.